काटा पावती मेलवर: वेब ॲप्लिकेशनला पहिल्यांदा ईमेल जोडताना

संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल सुटला की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, पावती मेलवर आलीच नाही. व्यापारी खोळंबून हाये ना इथं." वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात मी शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी लहानसहान वेब ॲप्लिकेशनं करून देतो. गाडी काट्यावर चढली, वजन झालं, कॅरेट मोजले, की पावती तयार होते आणि मेलने निघते. पावती तयार करायचा कोड इथली पोरं चार दिवसांत लिहितात. मेल मात्र त्यांना महिनाभर रडवतो. हा लेख त्या पोरांसाठी आहे.

"शेतकऱ्याला मेल कशाला? तो व्हॉट्सॲप पाहतो." हे मला दर वर्षी ऐकवलं जातं आणि ते खरंच आहे. पण मेल शेतकऱ्यासाठी नसतोच. तो लागतो नागपूरच्या व्यापाऱ्याला, बँकेला, सीएला, आणि बापाचा हिशेब पुण्यात बसून पाहणाऱ्या पोराला. शिवाय कुणी पासवर्ड विसरला तर नवा करायची लिंकही मेलनेच जाते. म्हणजे सुटका नाही.

एक सूचना आधीच देतो. कमांड आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

आधी एसटीचं पार्सल

गावाहून नागपूरला डबा पाठवायचा असेल तर आपण काय करतो? घरी बांधतो, वर नाव-पत्ता लिहितो, स्टँडवर नेऊन देतो. पुढे गाडी ते नेते. नागपूरला उतरवून घेणारा माणूस ठरवतो, हे लगेच द्यायचं की कोपऱ्यात टाकायचं. मेलचंही तसंच आहे. आपण ॲप्लिकेशनमध्ये जो घटक बसवतो, तो फक्त डबा बांधतो आणि स्टँडवर नेऊन देतो. स्टँड म्हणजे एसएमटीपी सर्व्हर. पलीकडचा माणूस म्हणजे जीमेल किंवा समोरच्याचा जो कुठला सर्व्हर असेल तो.

नवख्याची चूक इथेच होते. घटक बसला, कोड चालला, एरर आला नाही, म्हणजे मेल पोचला असं तो धरून चालतो. एरर न येण्याचा अर्थ एवढाच, की स्टँडवाल्याने डबा हातात घेतला.

एसएमटीपीची मूळ रीत जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून ठेवली. त्या काळी जाळ्यावर मोजकीच यंत्रं होती, त्यामुळे डबा कुणाच्या नावाने आला हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहू शकत होतं. आज आपण डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, ज्या नोंदी करत बसतो, त्या सगळ्या या एका मोकळीकीची भरपाई आहेत.

पोर्ट म्हणजे सर्व्हरचा आकड्याने ओळखायचा दरवाजा. तीन लक्षात ठेवा. २५ हा सर्व्हर-सर्व्हरांचा आपसातला रस्ता, आपण त्यावर जायचं नाही. ५८७ आपला: बोलणं साधं सुरू होतं आणि मग कुलूपबंद होतं. ४६५ वर पहिल्या शब्दापासून कुलूप असतं. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर २५ बहुतेक बंदच असतो. ॲमेझॉन आणि गूगल दोघंही तो अडवतात. डिजिटलओशन तर ५८७ आणि ४६५ सुद्धा अडवतं. म्हणून बऱ्याच मेल सेवा २५२५ हा आणखी एक दरवाजा उघडा ठेवतात. तासभर डोकं आपटण्याआधी तो वापरून पाहा.

स्वतःचा मेल सर्व्हर उभारू का?

नको. हे मी तीनदा विचारून तीनदा दिलेलं उत्तर आहे. पोस्टफिक्स हे वित्सा वेनेमा यांचं उत्तम सॉफ्टवेअर आहे, १९९८ पासून लोक वापरतात, उबुंटूवर पाच मिनिटांत बसतं. अडचण बसवण्यात नाही. तुमच्या सर्व्हरच्या आयपीला, म्हणजे त्याच्या आकड्यांच्या पत्त्याला, उलटं नाव (आकड्यावरून नाव सांगणारी नोंद) लावून घ्यावं लागतं, त्या आयपीवर आधीच्या भाडेकरूने काय घाण केली ते निस्तरावं लागतं, आणि शेजारच्या आयपीवरून कुणी कचरा पाठवला तरी त्याचे शिंतोडे आपल्यावर उडतात. पावत्या पाठवायच्या आहेत, पोस्ट खातं चालवायचं नाही. पोस्टफिक्स बसवायचंच असेल तर फक्त पुढे ढकलणारा म्हणून बसवा. मेन डॉट सीएफ या फाइलमध्ये रिलेहोस्टच्या पुढे मेल सेवेचा पत्ता द्या आणि बाहेरून येणारं सगळं बंद ठेवा.

सुरुवातीला दोन सोयी पुरतात. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पानावर) स्वतःच्या डोमेनवर पावतीसाठी एक मेलखातं उघडा. नाहीतर एखाद्या मेल सेवेचं खातं घ्या. शिकण्यापुरतं जीमेलही चालतं, पण नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. ३० मे २०२२ पासून गूगलने ती सोय बंद करायला घेतली. आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, मग ॲप पासवर्ड काढायचा. तो १६ अक्षरांचा असतो आणि पुन्हा दिसत नाही. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० च्या वर पाठवू देत नाहीत. हंगामात एका दुपारीच तेवढ्या पावत्या होतात, हे ध्यानात असू द्या.

घटक बसवणं

इथे बहुतेक कामं पीएचपीत होतात, कारण तालुक्याला परवडणारं होस्टिंग पीएचपीचंच असतं. म्हणून पीएचपीमेलर धरून सांगतो. नोडवर काम करत असाल तर नोडमेलर. पायथनमध्ये एसएमटीपीलिब आधीपासूनच असतं, काही उतरवावं लागत नाही. लाराव्हेलमध्ये नवव्या आवृत्तीपासून सिम्फनी मेलर आतच येतो. नावं बदलतात, खालची भांडणं तीच राहतात.

पीएचपीचे घटक उतरवून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपोझर. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि लिहा:

कंपोझर रिक्वायर पीएचपीमेलर/पीएचपीमेलर

अर्ध्यात लाइट गेली किंवा नेट तुटलं तर घाबरू नका, तीच कमांड पुन्हा द्या. उतरलेलं सामान कंपोझर स्वतःच्या साठ्यात ठेवतो, पुन्हा मागवत नाही. कंपोझर चालतच नसेल तर गच्चीवर जाऊन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पीएचपीमेलरची झिप उतरवा. त्यातल्या सोर्स फोल्डरमधल्या तीन फाइली लागतात: पीएचपीमेलर, एसएमटीपी आणि एक्सेप्शन. त्या तिन्ही स्वतः जोडल्या की काम होतं.

एक मात्र करू नका. मित्राच्या पेनड्राइव्हवरच्या जुन्या प्रकल्पातून पीएचपीमेलर उचलू नका. डिसेंबर २०१६ मध्ये त्यात असं भोक सापडलं, की मेल पाठवण्याच्या वाटेने बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. ते दुरुस्त झालं, पण जुन्या प्रती अजून गावोगाव फिरत आहेत. फाइलचं नाव 'क्लास डॉट पीएचपीमेलर' असं सुरू होत असेल तर ती जुनीच. सरळ फेकून द्या.

यानंतर पीएचपी डॉट आयएनआय उघडून ओपनएसएसएल हे एक्स्टेन्शन चालू आहे ना ते पाहा. त्याच्या ओळीपुढे अर्धविरामाचं चिन्ह असेल तर ती ओळ झोपलेली आहे. चिन्ह काढा आणि सर्व्हर पुन्हा चालू करा. हे नसलं तर ५८७ आणि ४६५ दोन्हींवर बोलणं जमणार नाही.

आणि पीएचपीचं स्वतःचं मेल नावाचं फंक्शन? ते होस्टिंगवरच्या सेंडमेलकडे चिठ्ठी फेकतं आणि विसरून जातं. ना पासवर्ड, ना उत्तर. त्याच्या नादी लागू नका.

पहिला मेल कुणालाच पाठवू नका

माझ्या पहिल्या हंगामातली गोष्ट. चाचणी करायची म्हणून मी खरीच यादी वापरली आणि लूपमध्ये मोजणारा आकडा पुढे सरकवायलाच विसरलो. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला एकच पावती ४२ वेळा गेली. त्याच्या मुनीमजींचा फोन आला, "अहो, गाडी एक हाये का बेचाळीस? तसं असंन तं गोदाम मोठं पाहतो बाप्पा."

तेव्हापासून आधी मेलपिट. ही एकच फाइल असते. उतरवायची, चालवायची, झालं. ती आपल्याच लॅपटॉपवर १०२५ पोर्टला खोटं स्टँड उघडते. ॲप्लिकेशन तिथे डबा देऊन येतं आणि डबा पुढे कुठेच जात नाही. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या ८०२५ वर गेलात की सगळे मेल समोर दिसतात. तुमच्या कोडमध्ये होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट १०२५, पासवर्ड नाही. याला नेट लागत नाही. आमच्याकडे दुपारी नेट जातं तेव्हा मी हेच काम काढतो.

इथेच तीन गोष्टी तपासा.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, मराठी अक्षरं. पीएचपीमेलरची मूळ अक्षरमाला युरोपातल्या भाषांची आहे, आयएसओ-८८५९-१. ती बदलली नाही तर 'काटा पावती' च्या जागी प्रश्नचिन्हं किंवा कचरा उमटतो. कॅरसेट या गुणाला (प्रॉपर्टीला) युटीएफ-८ द्यायचं. या नावात सी आणि एस ही दोन अक्षरं मोठी आहेत. पीएचपीत गुणांच्या नावात लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात. सगळं लहान लिहिलंत तर मेल अडत नाही, फक्त तुमची सूचना कुणी ऐकत नाही आणि प्रश्नचिन्हं तशीच राहतात. एका पोराचे दोन दिवस यात गेले, तो फॉन्ट बदलत बसला होता.

दुसरी, नुसता एचटीएमएल नको. ऑल्टबॉडीमध्ये तोच मजकूर साधा लिहून द्या: गाडी क्रमांक, वजन, कॅरेट, रक्कम. जिथे एचटीएमएल दिसत नाही तिथे तेवढंच दिसतं.

तिसरी, जोडफाइलीचं वजन. मेलमध्ये फाइल अक्षरांत बदलून जाते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. ६ एमबीचा फोटो ८ एमबीचा होतो. जीमेलची हद्द २५ एमबी आहे, पण गावातल्या नेटवर २ एमबीसुद्धा जड जातं. मी फक्त पीडीएफ जोडतो आणि त्या फाइलचं नाव इंग्रजीतच ठेवतो. काट्याचे फोटो लिंकने देतो. (पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरं तुटतात, ते दुखणं निराळं. त्यावर इथे लिहायला घेतलं तर संत्र्याचा हंगाम संपेल.)

आता खरं स्टँड

पीएचपीमेलरची वस्तू (ऑब्जेक्ट) तयार करताना कंसात ट्रू लिहा. म्हणजे काही बिनसलं की तो ओरडतो. नाहीतर तो मुकाट्याने 'नाही' म्हणतो आणि आपण ते उत्तर वाचतच नाही. मग इझएसएमटीपी, होस्ट, पोर्ट ५८७, एसएमटीपीऑथ ट्रू, युझरनेम म्हणजे पूर्ण मेलपत्ता, आणि एसएमटीपीसिक्युअरला स्टार्टटीएलएस. पोर्ट ४६५ घेतलात तर तिथे एसएमटीपीएस. पोर्ट एकाचा आणि कुलूप दुसऱ्याचं असं झालं की पान नुसतं फिरत राहतं.

पाठवणाऱ्याचा पत्ता नेहमी आपल्याच डोमेनचा. संपर्काच्या फॉर्ममध्ये नवखे लोक हमखास फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता इथे टाकतात, कारण उत्तर त्याला जावं. म्हणजे आपण त्याच्या नावाने डबा पाठवतोय. याहूने एप्रिल २०१४ मध्येच सांगून टाकलं, की आमच्या नावाने दुसऱ्याने पाठवलेलं सरळ नाकारा. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता रिप्लाय-टू मध्ये द्या. उत्तर त्यालाच जातं.

पासवर्ड कोडमध्ये नको आणि वेबसाइटच्या उघड्या फोल्डरमध्ये तर नकोच. पब्लिक एचटीएमएलच्या एक पायरी वर एन्व्ह फाइल ठेवा, ती वाचायची परवानगी फक्त स्वतःला, आणि गिटला तिचं नाव टाळायला सांगा.

नाही गेला तर? एसएमटीपीडीबग ला २ द्या. आपला घटक आणि सर्व्हर यांचं संभाषण पानावर उमटतं. ते वाचायला शिका, कारण निम्मी विद्या तिथेच आहे. २२० म्हणजे या बसा. २५० म्हणजे ठीक. ३५४ म्हणजे आता मजकूर सांगा. ५३५ म्हणजे पासवर्ड मान्य नाही, आणि जीमेलवर बहुतेक वेळा याचा अर्थ तुम्ही ॲप पासवर्ड दिलेला नाही. आकडा ४ ने सुरू झाला तर 'थोड्या वेळाने या'. ५ ने सुरू झाला तर 'पुन्हा येऊ नका'. हा फरक पुढे रांग लावताना लागेल. काम झालं की डीबग शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर व्यापाऱ्याला पानावर सर्व्हरच्या गप्पा दिसतात.

संभाषण सुरूच होत नसेल तर दोष कोडचा नाही, वाटेचा आहे. टर्मिनलवर टेलनेट, मग होस्टचं नाव, मग ५८७ असं द्या. २२० दिसलं तर वाट मोकळी. नाही दिसलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पुन्हा पाहा. दोन्हींकडे उत्तर वेगळं आलं तर अडवणूक तुमच्या कनेक्शनवर आहे.

सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची (सर्टिफिकेटची) तक्रार आली की इंटरनेटवर एक इलाज भरभरून मिळतो: तपासणीच बंद करा. तो करू नका, पासवर्ड भलत्याच्या हाती जाऊ शकतो. शेअर्ड होस्टिंगवर बहुतेक वेळा प्रमाणपत्र होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरच्या नावाचं असतं आणि आपण आपल्या डोमेनचं नाव दिलेलं असतं. सीपॅनेलमध्ये लिहिलेलं सर्व्हरचं नाव होस्टमध्ये टाका, तक्रार जाते.

ओळखपत्र

मेल गेला, पण स्पॅममध्ये. इथे कोड बंद करून डोमेनच्या डीएनएसमध्ये जायचं. तीन नोंदी, तिन्ही टीएक्सटी म्हणजे साध्या मजकुराच्या प्रकारच्या.

एसपीएफ म्हणजे आमचा डबा कोणत्या स्टँडवरून निघतो त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे डब्यावरचं लाखेचं सील: सील मारायची किल्ली मेल सेवेकडे, तपासायची किल्ली डीएनएसमध्ये. डीमार्क म्हणजे या दोन्हींत खोट निघाली तर काय करायचं, याची पलीकडच्याला दिलेली सूचना. सेवा देणारे या ओळी तयार देतात. हाताने टाइप करू नका, कॉपी करा. सीपॅनेलमध्ये ईमेल डिलिव्हरेबिलिटी नावाची जागा आहे, तिथे काय कमी आहे ते दिसतं आणि एसपीएफ, डीकेआयएमची दुरुस्ती तिथूनच करता येते.

मी ज्यात फसलो ते सांगतो. होस्टिंगवाल्याने एसपीएफची एक नोंद आधीच केली होती. मी मेल सेवेची दुसरी वेगळी जोडली. दोन आहेत तर दुप्पट भरवसा, असं वाटलं. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन दिसल्या की तपासणारा दोन्ही बाद धरतो. दोघांची नावं एकाच ओळीत आणायची. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएसच्या फेऱ्यांची हद्द १० आहे, म्हणून वापरत नसलेल्या सेवा काढून टाका. ओळीच्या शेवटी 'ऑल' असतं, म्हणजे यादीबाहेरचे सगळे. त्याच्या आधी सुरुवातीला ~ (संशयित धरा) ठेवा, सगळं नीट चाललं की मग - (नाकारा) करा.

डीमार्कही तसाच. आधी नन, म्हणजे फक्त अहवाल मागवा. पहिल्याच दिवशी रिजेक्ट लावाल तर आपल्याच पावत्या आपण परत पाठवाल.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यात कडक झाले. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या. आपण तेवढे पाठवत नाही, पण लहानांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यातलं एक तरी लागतंच. मी तिन्ही करतो. अर्ध्या तासाचं काम आहे.

नोंदी केल्यावर चहा घ्या, लगेच दिसत नाहीत. मग स्वतःच्या जीमेलवर एक पावती पाठवा, ती कॉम्प्युटरवर उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांत 'मूळ दाखवा' वर जा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिघांपुढे पास हवं. एकापुढेही फेल असेल तर गाडी सोडू नका.

रांग

काट्यावरचा माणूस 'जतन करा' दाबतो तेव्हाच मेल पाठवू नका. मेल सर्व्हर आठ-दहा सेकंद घेतो, पान अडकतं, तो वैतागून पुन्हा दाबतो, आणि दोन पावत्या जातात. पावती डेटाबेसमध्ये जतन करा आणि 'पाठवायचे मेल' नावाच्या टेबलात एक ओळ टाका. होस्टिंगवर क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लावा, दर पाच मिनिटांनी त्यातल्या वीस ओळी उचलून पाठवायच्या. वीस यासाठी, की शेअर्ड होस्टिंगवर तासाची मर्यादा असते. ती आपल्या होस्टिंगवाल्याला विचारून घ्या आणि आकडा तसा बदला. आधीचा क्रॉन चालू असताना दुसरा सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक ही कुलूप लावणारी कमांड वापरा.

उत्तर ४ चं आलं तर ओळ तशीच ठेवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा, मग तासाने, मग उद्या. ५ चं आलं तर त्या ओळीवर लाल खूण करा आणि कंपनीच्या ऑफिसात दिसू द्या. बहुतेक वेळा पत्त्यात जीमेलचं स्पेलिंग चुकलेलं असतं आणि एका फोनवर काम होतं.

हा क्रॉन पॅकहाउसमधल्या कॉम्प्युटरवर लावू नका. तिथली लाइट कधी जाईल ते महावितरणलाही सांगता येत नाही.

माझ्याकडे त्या टेबलाचं एक साधं पान आहे: आज किती गेले, किती थांबलेत, किती परत आले. ऑक्टोबर ते डिसेंबर रोज सकाळी काटा सुरू व्हायच्या आधी मी ते उघडतो. 'थांबलेत' च्या खाली चाळीसच्या वर आकडा दिसला की पहिल्यांदा मेलखात्याचा पासवर्ड कुणी बदलला का ते ऑफिसात विचारतो.